उजवीकडची सीट

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू मला विचारून आलेली नाही. म्हैस आली ती अशीच आली, दुसरा डंपर आला तो असाच, आणि हॉलमध्ये आतून दिवा लागणारं धबधब्याचं चित्र आलं तेही असंच. त्यामुळे दिवाळीच्या आधी सखूचे बाबा एक दिवस म्हणाले, "चल गो, उल्हासनगरला गारी बघायला जायचा हाय," तेव्हा मला नवल वाटलं. निघाल्यावर कळलं की गाडी त्यांनी आधीच ठरवली होती. मला नुसतं दाखवायला नेत होते.

सखू ही आमची मुलगी आणि तिच्या बाबांचं नाव हरिचंद्र. मी ते तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नसावी. आम्ही मोरिवलीचे. सासऱ्यांच्या वेळची भाताची जमीन कारखान्यांखाली गेली, आणि मग त्याच कारखान्यांना मुरूम-माती पुरवायचा धंदा यांनी सुरू केला. आधी स्वतः डंपर चालवायचे, पुढे ड्रायव्हर ठेवले. माणूस मनाने चांगला, हाताने सढळ, पण कानाने बंद. इतरांच्या घरी नवरे बायकोचं एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात म्हणे. आमच्याकडे पहिल्याच कानाला कुलूप होतं.

गाडीचं वेड डोक्यात घातलं ते चंदरने. चंदर यांचा मावसभाऊ, बदलापूरला मांजर्लीत राहतो. त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, त्याने नवी कोरी जीप घेतली आणि एका हळदीला ती मांडवाच्या अगदी तोंडाशी लावून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालूनच आत जावं लागे. यांनीही वळसा घातला, आणि जेवायला बसले. मटणाची दुसरी वाढ नको म्हणाले तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी येणार घरात.

चंदरच्या जीपपेक्षा मोठी गाडी मिळाली ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, खूबचंदच्या आवारात. खूबचंद जुन्या वस्तूंचा सिंधी व्यापारी. त्याच्याकडे जनरेटर होते, बंद पडलेल्या हॉटेलच्या खुर्च्या होत्या, कंपन्यांनी मोडीत काढलेले पंखे होते, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक जपानी जीप उभी होती. पांढरीशुभ्र, बाजूला सोनेरी पट्टा, आणि उंच इतकी की चढायला पायरी. कुठल्याशा कारखान्यात मशीनं बसवायला परदेशातून एक साहेब आला होता, त्याची ती. काम संपल्यावर साहेब गेला, गाडी राहिली.

"साईं, साहेब फक्त कारखाना ते बंगला, बंगला ते कारखाना. बाकी टाइम गाडी झोपलेली," खूबचंद म्हणाला. "ये गाडी नहीं है, ड्रॉइंग रूम है. आत बसा तर खरं."

त्याने आम्हाला मागच्या सीटवर बसवलं, हातात थंड्याची बाटली दिली आणि एसी सुरू केला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. सीटला लाल मखमल होती आणि पाय पसरायला आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा. पण माझी नजर पुढे गेली आणि मी यांना कोपराने ढोसलं.

"अवो, हिचा चाक डाव्या अंगाला हाय."

"मना दिसतंय."

"मंग पुरचा कसा दिसंल तुमाना?"

"गप गो. मी डंपर चालवलाय. मना काय डावा न काय उजवा!"

"भाभी, आधी दुनिया लेफ्ट में बैठती है," खूबचंद हसून म्हणाला. झालं. गाडी घरी आली. पाठीवर लाल अक्षरांत 'लेफ्ट हॅण्ड ड्राइव्ह' असं रंगवून आली, तेवढा कायदा खूबचंदने पाळला होता.

आमच्यात गाडी ओवाळली की ड्रायव्हरलाही टिळा लावून नारळ देतात. सासूबाई कमळाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सवयीने त्या उजव्या दाराशी गेल्या, तिथे बसलेल्या माझ्या कपाळाला टिळा लावला, हातात नारळ ठेवला आणि म्हणाल्या, "संबालून चालव रं बाबा. घरान पोरीबाली हान." अख्खी आळी हसली. डाव्या बाजूला मालक मान पुढे करून टिळ्याची वाट बघत राहिले.

मग सुरू झाली गाडीची सेवा. पेट्रोल ती अशी पिई की पंपावरचा माणूस यांना लांबूनच रामराम घालायला लागला. तिचा हॉर्न साहेबी, इतका नाजूक की म्हशीसुद्धा मागे वळून बघत नसत. शेवटी त्यावर डंपरचा हॉर्न बसवला. काचा बटणावर खालीवर व्हायच्या. त्यातली माझ्या बाजूची खाली गेली ती वर यायचं नाव घेईना, म्हणून मी धुळीपासून साडी वाचवायला मांडीवर मेणकापड घेऊन बसायची. एखादा भाग गेला की तो भारतात मिळत नसे. मग खूबचंद म्हणायचा, "फिकर नॉट साईं, बनवून देतो," आणि खरोखर बनवून द्यायचा. दिसायला अस्सलाहून सरस, आणि चालायचा पुढच्या अमावास्येपर्यंत. एसीचं तर बोलूच नये. सासूबाईंनी एकदा बाजारातून सुके बोंबील घेतले आणि पिशवी मागे ठेवली. तेव्हापासून एसी लावला की आधी बोंबील, मग थंडावा. एकेकाळी मखमलीवर साहेब बसत होता, आता आम्ही पदर नाकाला लावून बसत होतो. यांनी मात्र एकदाही कुरकुर केली नाही. आपल्या हाताने घेतलेलं दुखणं माणूस फार प्रेमाने सांभाळतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्यांदा बदलापूरला निघालो तेव्हा मी पुढे, उजव्या सीटवर बसले होते. सासूबाई मागे. अंबरनाथ सोडल्यावर आमच्या पुढे एक एसटी आली. डंपर असता तर यांनी केव्हाच मागे टाकली असती. पण चाक डावीकडे, म्हणजे हे रस्त्याच्या कडेला बसलेले. त्यांना एसटीची पाठ आणि गटार याखेरीज काही दिसेना. त्यांनी मान लांब केली, दात खाल्ले, आणि अंदाजाने गाडी उजवीकडे काढली. समोरून विटांचा ट्रक येत होता. तो मला दिसला, त्यांना नाही.

"मागे घ्या!" मी एवढ्या जोरात ओरडले की मागे सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. यांनी गाडी मागे घेतली. ट्रक माझ्या उघड्या खिडकीजवळून गेला, विटांची धूळ माझ्या तोंडावर बसली. मी पदराने डोळे पुसले.

मग त्या बंद कानाच्या माणसाने, समोर एसटीकडे बघत, हळूच विचारलं, "आता?"

"थांबा. सायकलवाला येतोय."

"आता?"

"आता घ्या."

आणि यांनी गाडी घेतली. माझ्या शब्दावर. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या सांगण्यावरून घरातलं कॅलेंडर हलवलं नव्हतं, आणि आता एवढी मोठी गाडी मी 'घ्या' म्हटलं की जात होती आणि 'थांबा' म्हटलं की थांबत होती. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की त्या रात्री जेवताना मी स्वतःशीच हसले, आणि सासूबाईंनी विचारलं, पोट बरं आहे ना.

त्यानंतर मी रस्ता शिकले. समोरच्या ट्रकला किती वेळ लागेल, रिक्षावाला मध्येच वळेल की नाही, टँकरच्या मागे आणखी कोणी दडलाय का, सगळं मला कळायला लागलं. हे विचारायचे, "घेऊ का गो?" आणि मी सांगायची. गंमत अशी की एकदा रस्त्याचं विचारायची जीभ वळली की ती तेवढ्यावर थांबत नाही. दोन ट्रकांच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर हे दुसरंही विचारायला लागले. नवीन ड्रायव्हर ठेवलाय तो कसा वाटतो? सखूला अंबरनाथच्या कॉलेजात घालावं की कल्याणच्या? घरी हेच प्रश्न ते भिंतीला विचारायचे आणि भिंतीचं उत्तर स्वतःच द्यायचे. गाडीत मी सांगितलं आणि सखूचं कल्याणचं ठरलं. मी काही फार शहाणी आहे असं नाही, पण मला विचारलेलं मला बरं वाटत होतं.

लोकांचा मात्र गोंधळ व्हायचा. लांबून बघणाऱ्याला उजव्या बाजूला बाई बसलेली दिसायची. मोरिवलीत बातमी पसरली की दुरपदी, म्हणजे मी, गारी चालवते. विठ्ठलवाडीला डेपोपाशी एका हवालदाराने गाडी थांबवली, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "मॅडम, लायसन."

"माझ्याकडे नाही," मी खरं तेच सांगितलं.

"लायसन नाही आणि एवढी गाडी चालवता?"

"मी कुठे चालवते? मी फक्त सांगते."

हवालदाराने वाकून आत पाहिलं. पलीकडे चाक धरून बसलेले हे दिसल्यावर तो टोपी मागे सारून हसला. "दादा, घरोघरी हेच आहे. तुमच्याकडे नुसतं बाहेरून दिसतं," म्हणाला आणि त्याने आम्हाला जाऊ दिलं. हेही हसले. त्या दिवशी हसले.

पुढच्या उन्हाळ्यात मांजर्लीला चंदरच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. भर दुपारची वेळ, मांडवात सगळी भावकी. आम्ही उतरलो तसा चंदर पुढे आला. त्याची जीप आता जुनी झाली होती आणि आमच्या गाडीभोवती पोरंटोरं जमली होती, ते त्याला खुपलं असणार. तो चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "दादूस, इथवर येयाला वैनीनी परमिशन दिली का? गारी दादूसची न हुकूम वैनीचा! बायकोचा ड्रायव्हर झालास रं तू."

मांडव खदखदला. पंगतीत वाढणारेसुद्धा हसले. यांनी हसायचा प्रयत्न केला, पण कान लाल झाले होते. मी ते कान ओळखते. ते पुन्हा बंद होत होते.

परतताना पुढे दुधाचा टेम्पो आला. यांनी विचारलं नाही. मी आपणहून म्हटलं, "थांबा, समोरून गारी येतेय."

"मना कलतंय," म्हणाले, आणि गाडी काढली. समोरच्याने कसाबसा रस्ता दिला, पण माझ्या बाजूचा आरसा त्याच्या फळीला लागून गेला, आणि पुढच्या क्षणी आम्ही पलीकडच्या चारीत तिरके उभे होतो. कोणाला काही लागलं नाही. मी खाली उतरून आरशाचे तुकडे पदरात गोळा केले. यांनी ते पाहिले आणि पुन्हा चाक धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "खूबचंदकडं जातंव. चाक उजवीकडं करून घेतंव."

मी चहा ठेवत होते. मी भांडखोर बाई आहे, आळीत कोणालाही विचारा. पण त्या वेळी मला भांडता येईना. चाक उजवीकडे गेलं की मी डावीकडे जाणार, गटाराच्या बाजूला, आणि मग मला काय दिसणार आणि कोण काय विचारणार? मी एवढंच म्हटलं, "नका करू."

"का?"

"चाक तिकरं गेला का तुमी मना काय बी विचारणार नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  "लोका हसतान गो," म्हणाले आणि कपातला चहा तसाच टाकून गेले.

खूबचंदने काय सांगितलं असेल ते मी इथे बसूनही सांगू शकते. "होतं साईं, सगळं होतं." पण चाक इकडून तिकडे नेणं म्हणजे खुर्ची हलवणं नव्हे. दांडे बदलायचे, पेडल हलवायचे, समोरची अख्खी फळी कापून उलटी बसवायची. पावसाळा आला. गाडी खूबचंदच्या आवारात पोट फाडून पडली होती. लोकांचा भात लावून झाला, गणपती आले, गेले. हे दर आठवड्याला जायचे आणि हात हलवत परत यायचे. घरात सखूच्या मामाचं पत्र आलं, त्यालाही त्यांनी मला न विचारता उत्तर देऊन टाकलं. कुलूप जागेवर आलं होतं. मी गाडीला शिव्या घातल्या, चंदरला घातल्या, आणि दुपारी झाडलोट करताना एकदा रडलेही. एका सेकंडहँड गाडीसाठी रडणारी बाई माझ्या माहितीत मी एकटीच.

सासूबाईंनी ते पाहिलं नाही, पण ऐकलं असावं. म्हणाल्या, "दुरपदे, गारी येल परत."

"येव दे ना, मना काय त्याचा," मी म्हटलं.

दिवाळीनंतर गाडी आली. चाक उजवीकडे. फळी जिथे कापली होती तिथे सांधा दिसत होता, हॉर्न दाबला की वायपर हलायचे, पण गाडी चालत होती. पाठीवरची लाल अक्षरं खूबचंदने पांढऱ्या रंगाने पुसली होती. चंदरच्या घरी साखरपुडा होता, त्यालाच पहिल्यांदा बाहेर काढली. यांनी नवा शर्ट घातला होता. मी डावीकडे बसले, सासूबाई मागे. बसताना मनाशी ठरवलं की आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आपल्याला काही दिसत नाही, आपल्याला काही कळत नाही, संपलं.

अंबरनाथ मागे पडलं आणि पुढे पेंढ्याचा टेम्पो आला. भाताची झोडणी झालेली, टेम्पो पेंढ्याने असा भरलेला की मला त्यापलीकडे आभाळसुद्धा दिसत नव्हतं. यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यासाठीच तर एवढा खटाटोप. मी वाट पाहिली. गाडी काढली नाही. एक मोटारसायकल आम्हाला मागे टाकून गेली. मग एक रिक्षा गेली. रिक्षा! मग मागून एसटी आली, भोंगा वाजवत तीही निघून गेली. आम्ही आपले पेंढ्याच्या मागे, अंगावर काड्या झेलत, वरातीच्या चालीने चाललेलो.

"रस्ता बंद हाय का रं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

 मी तिरक्या नजरेने यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. पाय पेडलवर जायचा आणि परत यायचा. बरंच अंतर असं गेल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "बोल ना गो."

"काय बोलू?"

"घेऊ का नको ते."

"मना काय दिसतंय इकरून? पेंढा दिसतोय."

"नाय दिसला तरी बोल." मग आवाज खाली आणून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तू बोलत नाय तं माजा पाय हलत नाय."

ऐकून मला बरं वाटलं. पण आधी सांगितलंय, मी भांडखोर बाई आहे. एवढे महिने माझे फुकट गेले होते. मी पेंढ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला आणि म्हटलं, "थांबा."

ते थांबले. समोर रस्ता पार वळणापर्यंत मोकळा होता. तो त्यांना दिसत होता, मला नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते पेंढ्याच्या मागे थांबून राहिले. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, कोणीतरी खिडकीतून आमचा उद्धार केला, सासूबाई पुन्हा रस्त्याचं विचारू लागल्या. यांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. कान माझ्याकडे होता.

मग मी म्हटलं, "आता घ्या."